ग्रँड की अपराइट : एका बटणामागचा प्रश्न



गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी एक प्रश्न विचारला होता. त्यांनी डिजिटल पियानो घेतलाय. त्यात ग्रँड पियानोचे चार आणि अपराइट पियानोचे दोन आवाज आहेत. सरावाला कोणता लावावा? तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आजचा तास मी त्यालाच देतोय. मी काही पियानोचा मास्तर नाही, निवृत्तीनंतर हौसेनं शिकतोय एवढंच. पण हा प्रश्न मला केवळ वादकांचा वाटत नाही. नक्कल कशाची करायची, कोणाच्या कानांनी ऐकायचं, नक्कल चांगली म्हणजे काय, असे सगळे जुने प्रश्न त्या एका बटणात येऊन बसले आहेत.

सुरुवात एका यादीपासून करू. १९९१ साली जनरल मिडी नावाचं एक प्रमाण ठरलं. कोणत्याही कंपनीचं वाद्य असो, अमुक क्रमांकाला अमुक आवाज यावा, अशी १२८ आवाजांची यादी. तिच्यात पहिला आवाज ग्रँड पियानो. दुसरा थोडा उजळ पियानो, तिसरा इलेक्ट्रिक ग्रँड, आणि चौथा हाँकी-टाँक पियानो. हाँकी-टाँक म्हणजे दारूच्या गुत्त्यातला, तारा उतरलेला, खडखडणारा जुना पियानो. अपराइट हे नाव त्या यादीत नाहीच! युरोप-अमेरिकेत शतकभर घराघरांत जे वाद्य होतं, ज्याच्यावर पोरं शिकली, ते प्रमाण यादीत आलं ते विदूषकाच्या वेषात. पुढे चांगल्या यंत्रांत त्याला स्वतःचं बटण मिळालं, पण बहुतेक ठिकाणी यंत्र सुरू केलं की आधी बोलतो तो ग्रँडच. तुम्ही काही निवडलेलं नसतं, तुमच्या वतीनं कोणीतरी निवडलेलं असतं.

दिङ्नागाचा अपोहवाद तुम्हाला आठवत असेल. शब्द वस्तूकडे थेट बोट दाखवत नाही, तो इतरांना वगळतो. 'गाय' म्हणजे जे जे गाय नाही ते बाजूला सारणं. आता ग्रँड वाजवून लगेच अपराइटचं बटण दाबा आणि स्वतःच्या मनात काय उमटतं ते बघा. आस कमी झाली, खर्ज कमी झाला, झळाळी गेली. सगळी वजाबाकी. अपराइट म्हणजे ग्रँड-नसलेला. आपण त्याला त्याच्या गुणांनी ऐकतच नाही. बाजारात मिळणारी परीक्षणं बहुतेक याच पद्धतीनं लिहिलेली असतात, आणि माझं पहिलं भांडण त्यांच्याशी आहे.

मग त्याचे स्वतःचे गुण कोणते? त्यासाठी लाकूड-लोखंडाकडे जावं लागेल.

ग्रँडमध्ये तारा आडव्या. हातोडी खालून वर मारते आणि स्वतःच्या वजनानं खाली पडते. अपराइटमध्ये तारा उभ्या, हातोडी समोरून मारते. तिला मागे आणायला गुरुत्वाकर्षण पुरत नाही, स्प्रिंग आणि पट्ट्यांची मदत लागते. १८२१ मध्ये पॅरिसच्या एरार यांनी ग्रँडसाठी अशी रचना केली, की पट्टी पूर्ण वर यायच्या आतच तोच स्वर पुन्हा वाजवता यावा. नेहमीच्या अपराइटमध्ये ही सोय नाही, पट्टी बरीच वर येऊ द्यावी लागते. म्हणजे एकच स्वर भराभर वाजवायचा तर हाताची चालच वेगळी होते.

डावं पेडल बघा. ग्रँडमध्ये ते दाबलं की सगळी यंत्रणा किंचित बाजूला सरकते. ज्या स्वराला तीन तारा आहेत तिथे हातोडी दोनच तारांवर बसते, आणि तीही नमद्याच्या कमी घट्ट झालेल्या भागानं. त्यामुळे आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा रंग पालटतो. अपराइटमध्ये तेच पेडल हातोड्यांना तारांच्या जवळ आणतं. झेप कमी, म्हणून घाव कमी. आवाज लहान होतो, रंग बहुतांशी तोच राहतो.

आणि तारांची लांबी. मैफलीचा मोठा ग्रँड पावणेतीन मीटरच्या आसपास असतो, स्टाइनवेचा 'डी' २७४ सेंटिमीटर. अपराइटच्या पेटीत तेवढी जागा कुठली? खर्जाच्या तारा आखूड ठेवायच्या, तर त्या जाड आणि ताठर कराव्या लागतात. ताठर तारेचे वरचे उपस्वर गणितानं असायला हवेत त्याहून थोडे चढे लागतात. अपराइटच्या खालच्या सप्तकात जो घोगरेपणा, जो थोडासा धातूचा वास येतो, तो इथून. काहींना तो दोष वाटतो. मला तो त्या वाद्याचा गळा वाटतो. पण हे अपराइटपणातून येतं असं मात्र म्हणू नका, ते आखूडपणातून येतं. १३१ सेंटिमीटर उंचीच्या चांगल्या अपराइटच्या खर्जाच्या तारा दीड मीटरच्या बेबी ग्रँडपेक्षा लांब असू शकतात. डेव्हिड क्लाविन्स या पियानो बनवणाऱ्यानं तर १९८७ मध्ये ३ मीटर ७० सेंटिमीटर उंचीचा उभा पियानो उभारला. वादकाला शिडी चढून बसावं लागतं. पुढे त्याच वाद्यावरून संगणकासाठी एक आवाजसंचही निघाला, नाव 'द जायंट'. तेव्हा 'उभा म्हणजे लहान' हे समीकरण निसर्गातलं नाही, दिवाणखान्यातलं आहे.

आता मुख्य मुद्दा. डिजिटल वाद्यातला आवाज बहुधा सॅम्पल केलेला असतो. म्हणजे खऱ्या पियानोचे स्वर वेगवेगळ्या जोरानं वाजवून ध्वनिमुद्रित करतात आणि तुमच्या बोटाच्या वेगाप्रमाणे त्यांतला योग्य तो पुढे येतो. दुसरी रीत गणिताची. रोलंडचा २००९ चा व्ही-पियानो किंवा पियानोटेक हे सॉफ्टवेअर तार आणि हातोडी यांचं वर्तन हिशेबानं घडवतात. सॅम्पलच्या बाबतीत एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हा मायक्रोफोन कुठे उभा होता?

ग्रँडचं झाकण वादकाच्या उजव्या हाताला, श्रोत्यांकडे उघडतं. ते वाद्यच दुसऱ्याला ऐकवण्यासाठी बांधलेलं आहे. त्याचं मुद्रण श्रोत्याच्या जागेवरून केलं, वर सभागृहाची गूंज चढवली, तर तुम्ही हेडफोन लावून वाजवता तेव्हा विचित्र गोष्ट घडते. बोटं तुमची, कान पाचव्या रांगेतल्या माणसाचे! स्वतःचंच श्रोतृत्व तुम्हाला आयतं मिळतं. अपराइटचं उलट आहे. त्याचा साऊंडबोर्ड, म्हणजे तारांमागची ती मोठी लाकडी फळी, वादकाच्या तोंडासमोर असते, पाठ बहुधा भिंतीला. आवाज तुमच्या छातीवर येतो, भिंतीवरून परततो. त्यात पाचवी रांग नाहीच. खोलीत दुसरं कोणी असलंच तर ते शेजारच्या खुर्चीत.

म्हणून ग्रँड आणि अपराइट ही दोन रंगांमधली निवड आहे, असं मला वाटत नाही. आपण स्वतःला कुठून ऐकायचं, याची ती निवड आहे.

इथे शिकणाऱ्याचं खरं नुकसान होऊ शकतं. मोठ्या ग्रँडचा आवाज आणि त्यावर भरपूर रिव्हर्ब लावला, की दोन स्वरांमधली फट बुजते. बोट लवकर उचललं, पेडल उशिरा बदललं, मधलं बोट दुबळं पडलं, सगळं त्या गूंजेत विरघळून जातं. वाजवणाऱ्याला वाटतं, काय सुंदर वाजतंय! सुंदर वाजतंय खरं, पण ते सौंदर्य कोणाचं? आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा याच्या जवळचा प्रश्न निर्माण झाला. जवारी न लावता जवारीदार आवाज मिळाला, सोय झाली. पण तानपुरा गायकाला आधार देतो, त्याच्या बदल्यात गात नाही. रिव्हर्बमधला ग्रँड तुमच्या बदल्यात थोडं वाजवतो. अपराइटची आस लवकर मावळते, त्यामुळे स्वर जोडायचं काम बोटांवर पडतं. ते अपुरं पडलं तर लगेच ऐकू येतं.

पण थांबा, याचा अर्थ अपराइट प्रामाणिक आणि ग्रँड लबाड, असा काढू नका. कारण डिजिटल वाद्याच्या पट्ट्या. चांगल्या यंत्रातल्या वजनदार पट्ट्या बहुधा ग्रँडच्या बेतानं बनवलेल्या असतात : खर्जाकडे जड, वर हलक्या, पुनरावृत्तीला तयार. अपराइटचं बटण दाबल्यावर फक्त आवाज बदलतो, यंत्रणा तीच. म्हणजे हात ग्रँडवर आणि कान अपराइटवर. खऱ्या अपराइटवर जमणार नाही इतक्या वेगानं तुम्ही एकच स्वर वाजवू शकता आणि यंत्र ते निमूट मान्य करतं. ही नक्कल कानापुरतीच आहे. ती पारखायची एक सोपी युक्ती सांगतो. अपराइटचा आवाज लावा, डावं पेडल दाबा. स्वर फक्त लहान झाला, तर बनवणाऱ्यानं विचार केलाय. स्वराचा रंगच पालटून मऊ, दूरचा झाला, तर अपराइटच्या पोटात ग्रँडचं पेडल बसवलेलं आहे.

दुसरी गोष्ट, आजकालची टूम. अपराइट आवाजांत 'फेल्ट' नावाचा एक प्रकार लोकप्रिय आहे. हातोडी आणि तारा यांच्यामध्ये नमदा, आवाज दबलेला, पट्ट्यांची खुटखुट, वाद्याचा श्वास ऐकू येईल इतका जवळ मायक्रोफोन. जर्मन संगीतकार निल्स फ्राम यांचा २०११ चा 'फेल्ट' हा संग्रह याचं ठळक उदाहरण. ते रात्री उशिरा वाजवत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून नमदा घातला. आणि एवढ्या हलक्या आवाजाला पकडायचं म्हणून मायक्रोफोन जवळ आणला. गरजेतून एक नवं सौंदर्य सापडलं, आणि ते संगीत मला मनापासून आवडतं. पण डिजिटल पियानोवर मी हेडफोन लावून बसलोय. शेजाऱ्याला काहीच ऐकू जात नाही. मग हा नमदा कोणासाठी? नैयायिक म्हणेल, कारण नष्ट झालं आणि कार्य मागे राहिलं. उरला तो रात्रीचा नुसता देखावा. शिवाय ती खुटखुटही मुद्रित केलेली. नीट कान दिला तर तीच तीच खुटखुट फिरून येते, आणि एकदा ती ओळखू आली की सगळी जवळीक मावळते. लाकूड स्वतःची नक्कल करत नाही.

काही यंत्रांत अपराइट 'खरा' वाटावा म्हणून तारा किंचित बेसूर केलेल्या असतात. तेही असंच. कोकणात, मुंबईत खरा पियानो ठेवणाऱ्यांना विचारा. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, फुगतं, सूर सरकतात, हवा कोरडी झाली की पुन्हा हलतात. यंत्रातला बेसूरपणा जूनमध्येही तेवढाच आणि जानेवारीतही तेवढाच. जो बेसूरपणा कधी बदलत नाही, त्याला जुनेपण कसं म्हणायचं?

तर मग निकष काय? मी एक रचना सुचवतो. शोपँचं ई मायनरमधलं प्रिल्यूड, ओपस २८ मधलं चौथं. हात नवखा असला तरी वाजवता येतं. डाव्या हातात तेच तेच स्वरसमूह सारखे ठोके धरून, हळूहळू अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली उतरत जातात. उजव्या हातातली धून बराच वेळ दोन शेजारच्या स्वरांतच घुटमळते. ग्रँडवर वाजवा : वरचा लांब स्वर आपोआप टिकतो, डावा हात त्याच्याखाली धुक्यासारखा पसरतो. आता अपराइट, रिव्हर्ब पूर्ण बंद. वरचा स्वर विझायला लागतो. डाव्या हाताचा प्रत्येक ठोका त्याला झाकू पाहतो. तुम्हाला डावा हात आणखी खाली आणावा लागतो, इतका, की पट्टी जेमतेम बोलेल. ती रचना म्हणजे विझत जाणाऱ्या स्वराची गोष्ट आहे, हे मला अपराइटच्या बटणानं शिकवलं. मधे एकदा आवाज उसळतो तिथे मात्र अपराइट अपुरा पडतो, कण्हतो. तिथे ग्रँडच हवा, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

या २४ प्रिल्यूड्सचा संग्रह शोपँनं मायोर्का बेटावर, वाल्देमोसाच्या मठात पुरा केला. पॅरिसहून प्लेएलनं पाठवलेलं वाद्य तिथे जानेवारी १८३९ मध्ये पोचलं. ते होतं पियानिनो, लहानसा उभा पियानो. यावरून अपराइट लावलं की शोपँ मिळतो असं समजू नका. १८३९ चा प्लेएल आणि आजच्या यंत्रातला अपराइट यांत नात्यापेक्षा अंतर जास्त आहे. पण उभा पियानो म्हणजे परवडत नाही म्हणून घ्यायचा पियानो, या समजुतीला तेवढा धक्का पुरे. तसाच दुसरा, बीटल्सच्या १९६८ च्या 'लेडी मॅडोना'चा. अ‍ॅबी रोड स्टुडिओत ग्रँडची वाण नव्हती, पण त्या गाण्यासाठी त्यांनी तिथला जुना उभा स्टाइनवे निवडला. त्याची ती ठसकेबाज टणटण काढून बघा, गाणं लंगडं पडेल.

शेवटी कानाबद्दल एक गंमत सांगतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांतला सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा. कीबोर्डचे छोटे स्पीकर एवढा खालचा कंप काढूच शकत नाहीत. खऱ्या अपराइटमध्येही तो मूळ कंप अगदी क्षीण असतो. तरी आपल्याला तो स्वर ऐकू येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा पाया स्वतः बांधतो. म्हणजे खऱ्या वाद्यातही थोडा भाग आपणच घालत असतो. त्यामुळे 'हा आवाज अस्सल की नकली' या वादात मला फार रस उरलेला नाही. यंत्र बोटांची साक्ष खरी देतं की खोटी, एवढंच मी विचारतो.

त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. रोजचा सराव अपराइटवर, रिव्हर्ब शून्य, 'फेल्ट'च्या वाटेला न जाता. ज्या रचनेत डाव्या पेडलचा रंग हवाय, एकच स्वर वेगानं हवाय, किंवा खर्ज खोल हवाय, तिथे ग्रँड, पण मेनूत वादकाच्या जागेवरचा आवाज असेल तर तो निवडून. आणि पाहुणे आले की खुशाल मोठा ग्रँड आणि सभागृह लावा, तेव्हा पाचव्या रांगेत खरंच कोणीतरी बसलेलं असतं.

आता प्रश्न घेऊ या. मघापासून मागे एक हात वर आहे. हो, तुम्हीच, बोला.