कळीचा मुद्दा

मराठी समीक्षेने आजवर कविता, कादंबरी, नाटक यांची पुरेशी चिरफाड केली आहे. आत्मचरित्रांनाही तिने सोडलेले नाही. पण वस्तूबरोबर खोक्यातून येणारे माहितीपत्रक हा अफाट खपाचा वाङ्मयप्रकार मात्र तिच्या नजरेतून साफ निसटला. याच्या प्रती घरोघरी असतात. मिक्सरच्या, पंख्याच्या, पाण्याच्या फिल्टरच्या. जुन्या वीजबिलांच्या खणात त्या जपून ठेवलेल्या असतात. कोणी वाचत नाही आणि कोणी टाकूही देत नाही. अशी प्रतिष्ठा आपल्याकडे फक्त अभिजात ग्रंथांना लाभते.

मी असा एक ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचला आहे. म्हणजे शेवटी वाचला. आधी वाचायला हवा होता, पण तो भाग पुढे येईलच.

ग्रंथाचा विषय : मोटारीची किल्ली काढून तिच्या जागी इंजिन सुरू करणारे बटण घरच्या घरी कसे बसवावे. पृष्ठे १६. भाषा इंग्रजी, निदान लिपी तरी तीच. किंमत खोक्यातल्या मालात धरलेली. लेखकाचे नाव नाही, आणि ते का नाही हे तेराव्या पानाशी आल्यावर ध्यानात येते.

आता अहमदपूरसारख्या गावात राहणाऱ्या, केस पिकलेल्या माणसाला हा षौक कशाला, असे तुम्ही म्हणाल. षौक नव्हता. आमच्या सौभाग्यवती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मोटार शिकल्या आणि तेव्हापासून आमच्या १९९८ सालच्या मारुती ८०० च्या त्याच मालक आहेत. मी फक्त हवा भरून आणतो. त्यांचे माहेर किनगावला, वीसेक किलोमीटरवर. तिथे त्यांची आई एकटी असते, म्हणून आठवड्याला दोन फेऱ्या ठरलेल्या. पण दोन वर्षांपूर्वी हिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरला. डॉक्टरांनी सांगितले, पकडायचे आणि पिळायचे ही दोन कामे या अंगठ्याला देऊ नका. लोणच्याच्या बरणीचे झाकण मी उघडून देऊ लागलो. पण किल्लीचे काय? ती पकडून पिळायचीच वस्तू. घरून निघताना मी किल्ली फिरवून देई. किनगावला मात्र ही गाडी बंदच करीत नसे. गाडी दारात घुरघुरत उभी, आणि आई 'बस गं, चहा तरी घे' म्हणून मागे लागलेली. हातातली कळ जावी म्हणून गाडीला कळ बसवायची, असा हा साधा मामला होता.

पत्रकाची पहिली उणीव इथेच दिसते. मुखपृष्ठावर रंगवलेल्या नखाचे एक नाजूक बोट बटणाला टेकले आहे आणि खाली लिहिले आहे की आता तुमची गाडीही श्रीमंतांच्या गाडीसारखी सुरू होईल. सोळा पानांत ऐट हा शब्द निरनिराळ्या रूपांत सात वेळा येतो. दुखऱ्या हाताचा उल्लेख एकदाही नाही. ज्याला बटणाची खरी गरज आहे, तो वाचक या लेखकाच्या स्वप्नातही आलेला नाही. वाचक कोण हे ठाऊक नसले की लेखक शैलीच्या मागे लागतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. पत्रक म्हणते, बटण हे उद्याचे तंत्र. खोटे! बटण हे कालचे तंत्र आहे, किल्लीच अलीकडची. पूर्वी मोटार हँडल मारून सुरू करीत. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, हा पहिला धडा असे. कारण इंजिनाने उलटा झटका दिला की अंगठा आणि मनगट दोन्ही कामातून जात. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या गृहस्थाने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ला उघडायला मोटर क्षणभरच चालावी लागते, म्हणून ती लहान असली तरी चालते. हीच युक्ती त्याने मोटारगाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅकला 'सेल्फ' आला. तो पायाने दाबायचा असे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपलासुद्धा स्टार्टरची कळ पायापाशीच होती. किल्ली पिळून सेल्फ मारायची पद्धत क्रायस्लरने आणली ती १९४९ मध्ये. पुढे १९९८ मध्ये मर्सिडीजने किल्ली खिशातच ठेवायची सोय काढली, आणि जग पुन्हा बटणावर आले. त्याच साली आमची ८०० जन्मली, पण ही बातमी तिच्यापर्यंत पोचली नाही. तात्पर्य, सेल्फ जन्मला तो हाताच्या काळजीपोटी, आणि सव्वाशे वर्षांच्या आत त्याचे माहितीपत्रक नखाच्या रंगाविषयी बोलू लागले.

आता गाभा. चौथ्या पानावर तारांचा तक्ता आहे. लाल तार बॅटरीची, पिवळी अमुकची, निळी तमुकची. रंगसंगती मोहक आहे. पण आमच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली वाकून पाहिले तेव्हा मराठवाड्याच्या उन्हाने आणि धुळीने तिथे केव्हाच समता आणलेली दिसली. सगळ्या तारा मातकट. शेवटी बारा व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडून मी एकेक तार तपासत बसलो. ही किल्ली फिरवणार, मी खाली उताणा पडून बल्ब पेटतो का पाहणार. या दोन तासांत मला जे कळले ते पत्रकाने पहिल्या पानावर सांगायला हवे होते. किल्ली एक काम करीत नाही, चार करते. एका घरात ती स्टिअरिंगचे कुलूप सोडते, दुसऱ्यात रेडिओला वीज देते, तिसऱ्यात इंजिनाला, आणि चौथ्या घरात स्प्रिंगच्या विरुद्ध धरून ठेवली तर सेल्फ मारते. सोडली की आपण होऊन एक घर मागे येते. घरातल्या थोरल्या सुनेसारखी आहे ती. तिला बाजूला करायचे म्हटल्यावर कळते की इतकी कामे ती एकटी करीत होती.

बटणाचे तसे नाही. बटण हे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखे आहे. पाहुणे कळ दाबतात, टाळ्या पडतात, पाणी मात्र सोडतो तो दूरवरच्या पंपाजवळचा माणूस. इथेही बटण फक्त एका छोट्या रिलेला चिमटा काढते, रिले सेल्फवरच्या सोलेनॉइडला उठवतो, आणि शंभराच्या आसपास अँपिअरचा लोंढा बॅटरीतून थेट जाड केबलने मोटरमध्ये जातो. सेल्फचा दाता इंजिनाच्या चक्राला भिडतो आणि इंजिन फिरते. बटणाला यातले काहीच ठाऊक नसते. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हेही नसते.

तपकिरी तार ब्रेकला जोडावी, असे पत्रकात लिहिले होते, म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय बटण चालत नाही. पण पुढे कंसात 'ऐच्छिक' असा शब्द होता. ऐच्छिक प्रश्न सोडायचा, हा विद्यार्थिदशेतला संस्कार. मी तपकिरी तार गुंडाळून ठेवून दिली. चौथ्या पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत होते : आता बटण दाबून पाहा! उद्गारचिन्ह लेखकाचे आहे. मी बाहेर उभा राहूनच खिडकीतून हात घातला आणि बटण दाबले.

आमचा हँडब्रेक ढिला आहे, म्हणून गाडी उभी करताना मी पहिला गिअर टाकून ठेवतो. गाडीने माझा हात घेऊनच उडी मारली आणि ती तुळशीवृंदावनावर जाऊन थांबली. वृंदावनाचा एक कोपरा गेला, पुढचा दिवा गेला, माझे कोपर सोलले. ही तुळशीला पाणी घालत होती ती फोन वाजला म्हणून नुकतीच आत गेली होती. तांब्या तिथेच होता. तो गाडीखाली सापडला.

ती बाहेर आली. चपटा झालेला तांब्या तिने उचलला, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता आत निघून गेली. संसारात बोलण्यापेक्षा हे महाग पडते.

संध्याकाळी मी पत्रक पुरते वाचले. तेराव्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत : बटण प्रथम दाबण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी. चौथ्या पानावर कृती आणि तेराव्या पानावर सावधगिरी! रहस्यकथेत खुनी शेवटी कळावा हे ठीक आहे. पण इथे मरणारा वाचक असतो. आता, जन्मभर मुलांना 'प्रश्नपत्रिका आधी संपूर्ण वाचा' असे बजावणाऱ्या माणसाने हे पत्रक आधी संपूर्ण का वाचले नाही, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येत नाही.

चौदावे पान त्याहून थोर आहे. किल्ली काढून टाकली की स्टिअरिंगचे कुलूप आपण होऊन पडते, तेव्हा ते 'योग्य त्या हत्याराने कायमचे निकामी करावे'. बस्स, एवढेच. कुलूप अर्धवट मोडले आणि भर रस्त्यात, शिरूर ताजबंदच्या वळणावर ते पडले तर काय, याविषयी लेखकाने कलात्मक मौन पाळले आहे.

दुसऱ्या दिवशी मी गाडी ढकलत नांदेड रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. गाव त्यांना चाचा म्हणते, त्यांना गाडीच्या आवाजावरून मालकाचा स्वभाव कळतो. "काय करायलाव सर हे?" त्यांनी तारा पाहून विचारले. मी पत्रक पुढे केले. ते त्यांनी उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले, आणि त्याने हात पुसले. इतकी नेमकी समीक्षा मला सबंध लेखात साधलेली नाही.

"किल्ली को कायकू निकालते, सर?" ते म्हणाले. "कुलूप राहू द्या. चोर आले तर तेवढंच कामाला येतं."

खोक्यातला डबा त्यांनी बाजूला ठेवला. एक साधा रिले लावला. किल्लीच्या चौथ्या घराची तार आणि बटणाची तार, दोन्ही त्या रिलेवर आणल्या. मग ब्रेकच्या दिव्याचा एक स्वीच घेतला, पायडल दाबले की जोडणी करणारा, आणि तो क्लचच्या पायडलपाशी पट्टीवर कसून रिलेच्या अर्थिंगमध्ये घातला. आता किल्लीने मारा की बटणाने, क्लच दाबल्याखेरीज गाडी हूं की चूं करीत नाही. गाडी गिअरमध्ये राहिली तरी उडी नाही. सोळा पानांत जे नव्हते ते एका जुन्या स्वीचमध्ये होते.

हातांनी विचार करणारी ही जात आपल्याकडे अजून आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावचे, दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातून छोटी मोटार बनवली. खर्च साठ हजारांच्या घरात. ती सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. ना किल्ली पिळायची, ना बटण. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, असे सांगून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. लोहारांजवळ कुठले माहितीपत्रक असल्याचे ऐकिवात नाही. किक कुठे बसवायची हे इंजिनाला विचारावे लागते.

पण आमचा प्रश्न अजून सुटला नव्हता. ही चाचांच्या इथे आली, गाडीत बसली, आणि म्हणाली, "अहो, पण बटण दाबायच्या आधी किल्ली तिसऱ्या घरापर्यंत तर फिरवावीच लागणार ना?"

मी पत्रक शोधू लागलो. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी भंगारातून ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी काढली, किल्लीच्या डोक्याला दोन रिव्हेटांनी ठोकली, आणि गुडघ्याला लागू नये म्हणून टोक कापून गोल केले. हे गुडघ्याचे खरे आहे. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या त्या याच पायी. जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चालत्या गाडीत किल्ली मागे फिरून इंजिन बंद पडत होते. चाचांनी ते वाचलेले नसणार. "ताई, आता अंगठा नका लावू. तळहातानं ढकला," ते म्हणाले.

तिने तळहाताने ढकलले. पहिले घर, दुसरे, तिसरे. आणि सवयीने हात थांबला नाही, चौथे. गाडी सुरू झाली.

चाचांनी पट्टीचे वीस रुपये घेतले. बटणाच्या खोक्याचे किती गेले ते मी घरी सांगितलेले नाही, इथेही सांगणार नाही.

आता दर बुधवारी नि शनिवारी ही किनगावला जाते, गाडी बंद करते, बसून चहा पिते. मी बरोबर असलो की तिसऱ्या घरापाशी हात थांबवते, माझ्याकडे पाहते, आणि निळ्या दिव्याचे ते बटण मुद्दाम दाबते. "एवढं बसवलंय तुम्ही तर," म्हणते. ती एकटी असते तेव्हा काय करते, ते मी विचारलेले नाही.