एकाच वाटेचा खेळ आणि असुराची बाजू

ज्या व्हिडिओ गेममध्ये कथा ठरलेली आणि वाट एकच असते, त्यात खेळणाऱ्याला स्वातंत्र्य ते कसले, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप वरवरचा आहे. ज्यांच्या वाट्याला निवड कधी आलीच नाही, त्यांच्या जगण्याची जाणीव असाच खेळ देऊ शकतो. त्यात पळवाट नसते. दुसऱ्याच्या पावलांनी शेवटपर्यंत चालावेच लागते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' (२०२०) हा असा खेळ. त्याची नायिका राजकन्या नाही. सर्कशीत कसरती करणारी पोरगी आहे. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधते आणि तिची कसरतच लढाईत कामी येते. हे या खेळाचे मोठेपण.

परंतु कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू. खलनायक आहे महाबलासुर. याच पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाची बाजू मांडली, वामनाचा कावा उघडा पाडला. त्या विचाराचा मागमूसही येथे नाही. कादंबरीचा वाचक लेखकाशी भांडत पुढे वाचू शकतो. येथे असुरावर वार केल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, आणि तो वार आपल्याच हातून होतो. म्हणून असुर कोणी कोणाला ठरवले, हा प्रश्न येथे अधिक गंभीर होतो.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या चाळी-वस्त्यांतली आपली मुले आज संगणक शिकत आहेत. त्यांनी 'राजी' जरूर खेळावा. मग बळीच्या बाजूने एक वाट आखावी. तिच्यावरून प्रस्थापितांनाही एकदा चालू द्या!