कारण की खूण?

‘ड जीवनसत्त्व कमी असले की शरीरातला दाह वाढतो, म्हणून गोळ्या घ्या’ हे वाक्य आरोग्य पुरवण्यांतून आता शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचले आहे. त्यातल्या ‘म्हणून’ला आधार किती, हे पाहायचे तर फिलिप ऑतिए व सहकाऱ्यांचा २०१४ साली ‘लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रिनॉलॉजी’त आलेला आढावा वाचावा.

त्यात दोन प्रकारचे अभ्यास शेजारी ठेवले आहेत. २९० अभ्यासांत लोकांच्या रक्तातले ड मोजून पुढे त्यांना कोणते आजार होतात ते पाहिले होते. १७२ प्रयोगांत यदृच्छेने गट पाडून एका गटाला ड दिले होते. पहिल्यांत आजाराशी संबंध ठळक दिसतो. दुसऱ्यांत, ड वाढवूनही, दाहाच्या खुणा बहुतांशी हलत नाहीत. लेखकांचा तर्क असा की गाडी उलट दिशेने धावत असावी : दाहामुळेच ड उतरते.

हे शक्य आहे काय? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांच्या रक्तातले ड शस्त्रक्रियेनंतर लगेच सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले आढळले. इतक्या लवकर ते आहारातल्या कमतरतेने घटणार नाही. ड रक्तात वाहक प्रथिनांना चिकटून फिरते, आणि दाहात ही प्रथिने रक्तातून कमी होतात. (शिरेतून दिलेल्या सलाइनमुळेही रक्त थोडे पातळ होते, हे विसरू नये.) अ जीवनसत्त्वाचेही असेच : तापातल्या मुलाच्या रक्तात ते कमी दिसते, यकृतात साठा असला तरी. म्हणून तर भारताच्या २०१६-१८च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या जीवनसत्त्वांबरोबर दाह दाखवणारे सीआरपी हे प्रथिनही मोजले गेले.

आढाव्यात मला खटकते ते असे की अनेक प्रयोगांतल्या लोकांना मुळात ड फारसे कमी नव्हतेच. भरल्या घागरीत पाणी ओतून तहान भागते का, हे कसे कळणार? शिवाय वृद्धांना थोड्या मात्रेत ड दिल्यास आयुर्मानात किंचित लाभ दिसतो, हे लेखकच नोंदवतात, पण त्याचे स्पष्टीकरण घाईने उरकतात.

वर्गात ‘ड : मुडदूस’ हा तक्ता शिकवताना मात्र संकोच नको. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात हॅरिएट चिक यांनी कॉडलिव्हर ऑइल व ऊन देऊन मुले बरी करून दाखवली होती. तिथला ‘म्हणून’ प्रयोगाने मिळवलेला आहे; दाहाच्या बाबतीतला अजून नाही.