वर्णसंकेतन रूपांतरण आणि परवानगीची तपासणी : एक चिकित्सा

डेटाबेसच्या सुरक्षिततेचा विचार करताना 'कोणाला काय करता येईल' या प्रश्नाला अग्रक्रम दिला जातो. परंतु परवानगी मिळालेला वापरकर्ता फंक्शनला कोणत्या किमती देईल, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त स्रोत प्रणालीतील वर्णसंकेतन रूपांतरणाची व्यवस्था या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

यूटीएफ-८ मध्ये साठविलेला देवनागरी मजकूर अन्य संकेतन वापरणाऱ्या क्लायंटकडे पाठविताना त्याचे रूपांतर करावे लागते. हे काम रूपांतरण-फंक्शने करतात. नवे रूपांतरण निर्माण करण्यासाठी फंक्शन चालविण्याची आणि स्कीमात निर्मिती करण्याची, अशा दोन परवानग्या आवश्यक असतात. तथापि फंक्शन चालविण्याची परवानगी मुळातच सर्वांना दिलेली असते. त्यामुळे पहिली तपासणी बव्हंशी औपचारिक ठरते.

याचा परिणाम मे २००५ मध्ये उघड झाला. ही फंक्शने अंतर्गत वापरासाठी लिहिलेली असून हेतुपुरस्सर दिलेल्या चुकीच्या किमतींपुढे ती सुरक्षित नव्हती. तरीही सामान्य वापरकर्त्याला ती एसक्यूएलमधून थेट चालविता येत होती. ८.०.३ या आवृत्तीत परवानगी काढून न घेता एका आर्ग्युमेंटचा प्रकार 'इंटर्नल' असा बदलण्यात आला. अशी किंमत एसक्यूएलमधून देता येत नसल्याने तो मार्ग बंद झाला. उपाय समर्पक होता. मात्र नवी आवृत्ती बसविल्याने जुने डेटाबेस दुरुस्त होत नव्हते. 'टेम्प्लेट०'सह प्रत्येक डेटाबेसच्या कॅटलॉगमध्ये प्रशासकाला स्वहस्ते बदल करावा लागे.

मार्च २००९ मधील दुरुस्ती याहून बोधप्रद आहे. त्रुटीसंदेशाचेच रूपांतर अयशस्वी झाले, तर त्यातून नवी त्रुटी उद्भवे आणि ही साखळी वाढत जाऊन सर्व्हर कोसळे. रीतसर परवानगी असलेला वापरकर्ताही फंक्शनशी विसंगत संकेतने जोडून हे घडवू शकत होता. ८.३.७ मध्ये अशी विसंगत जोडणी नाकारण्यात आली व त्रुटींच्या पुनरावृत्तीलाही आळा घालण्यात आला.

दोन्ही प्रसंगी खरे संरक्षण परवानगीने नव्हे, तर फंक्शनच्या रचनेने व किमतींच्या पडताळणीने दिले. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसमधील 'पब्लिक' स्कीमात सर्वांना असलेला निर्मितीचा अधिकार काढण्यात आला. हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी अधिकार कोणाचा हे ठरविल्याने कृती निर्धोक होत नाही. डेटाबेसच्या अध्यापनात परवानगी आणि पडताळणी या दोन संकल्पना स्वतंत्रपणे शिकविल्या जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.