‘मेत्येल’ : दोन मौनांची कथा

योगायोगावर उभी राहिलेली प्रेमकथा दुबळीच असावयाची, असा एक समज आपल्या समीक्षेत रूढ आहे. पुश्किनच्या ‘मेत्येल’ (१८३१) या कथेवर तो पारखून पाहण्याजोगा आहे.

गुप्त विवाहासाठी निघालेला व्लादिमीर हिमवादळात वाट चुकतो. झाद्रिनोला तो पोहोचतो तेव्हा उजाडलेले असते आणि चर्चला कुलूप असते. आत काय घडले, हे निवेदक तेथे सांगत नाही. नायकाची वाट पुसली जाते, तशीच वाचकाचीही. कथेतील उत्कंठा वादळापेक्षा या मौनातून निर्माण होते. मूळ रशियन शब्दाच्या पोटात ‘झाडणे’ ही क्रिया आहे. आपल्या ‘हिमवादळ’ या शब्दात जोर येतो, पण वाट झाडून नेण्याचा हा भाव येत नाही. अनुवादकाचा पहिला पराभव शीर्षकातच होतो.

त्या रात्री निव्वळ थट्टेने वराच्या जागी उभा राहिलेला बुर्मिन पुढे नकळत त्याच मार्‍या गाव्रिलोव्हनाच्या प्रेमात पडतो. दरम्यान बोरोदिनोच्या लढाईत (१८१२) जखमी झालेला व्लादिमीर मॉस्कोत मरण पावलेला असतो. निवेदक त्याला दोन-चार वाक्यांत निरोप देतो. योगायोग क्षम्य मानता येईल. ती थट्टा क्षम्य मानावी काय? सत्य उमगताच बुर्मिन तिच्या पायांशी कोसळतो आणि कथा तेथेच थांबते. मार्‍याचे उत्तर पुश्किन लिहीत नाही. हे दुसरे मौन. त्याला आपण सुखान्त म्हणतो, तेव्हा तिच्या वतीने क्षमा आपणच करून टाकलेली असते.