राजवाद की पंडितवाद?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद वादाला येतो, तेव्हा भिक्खू नागसेन अट घालतात : पंडितासारखा वाद करणार असशील तरच बोलेन. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक कबूल केली जाते, कोणी रागावत नाही. राजा मात्र विरोधकाला दंड ठोठावतो.

आज वर्गातला राजा कोण? मी दिग्रसला शिकवतो; घरातला पहिला पदवीधर. माझे उत्तर स्पष्ट आहे : प्राध्यापक. २०२० च्या टाळेबंदीत वर्गातली चर्चा मोबाईलवर गेली. तिथे आवाज बंद करण्याचे बटण त्याच्या हाती, अंतर्गत गुणही त्याच्याच हाती. मग विद्यार्थी ‘हो सर’पलीकडे जाईल कसा?

काही जण म्हणतात, प्राध्यापकाने बाजूला व्हावे. हा उदारपणा फसवा आहे. घरात एकच फोन असलेली शेतमजुराची मुलगी रात्री दोन ओळी लिहिते, तोवर बोलक्यांनी विषय संपवलेला असतो. आरक्षणावर टोमणा पडतो आणि प्राध्यापक गप्प राहतो, तेव्हा त्याचे मौन टोमण्याच्याच बाजूचे असते.

म्हणून त्याने राजदंड खाली ठेवावा, पण जागा सोडू नये. निकाल आधी देऊ नये. प्रत्येकाकडे पुरावा मागावा. उशिरा आलेल्या प्रश्नासाठी चर्चा उघडी ठेवावी. विरोधी मताचे गुण कापू नयेत. आमच्या मुलांना गुरुकृपा नको. प्रश्न विचारण्याचा हक्क हवा.