डब्यावरचा त्रिकोण काय सांगत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी-संगमनेरकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण आपण वाचून पाहू. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. पण हा क्रम प्रयोगातले निम्मे प्राणी मारणाऱ्या मात्रेवरून ठरतो. वर्षानुवर्षे अंगावर उडणाऱ्या तुषारांबद्दल तो गप्प आहे. आमच्या मते हीच त्याची मोठी उणीव.

अमेरिकेत २००८ साली सुरू झालेल्या ‘टॉक्स२१’ प्रकल्पात सुमारे १०,००० रसायने पेशींवर तपासली गेली; त्यांवरून संगणक विषारीपणाचे अंदाज बांधतो. तरी फवारणाऱ्याच्या कातडीतून, श्वासातून किती विष शिरते, हे बांधावरच मोजावे लागते. संशोधनाच्या अधिछात्रवृत्त्या त्या मोजमापालाही हव्यात. तोवर हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, एवढे तरी वर्गात सांगावे.